गुरुवारचं टेबल

रुवीत, सोनारांच्या दुकानांमागच्या गल्लीत,
नासिरच्या कॅफेच्या मागच्या खोलीत
आमचं टेबल होतं.
पाच खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती;
ती उशिरा येणाऱ्याला.

मगरिबची अजान संपली की
अल-तय्यिब आपला वाकडा पाइप खिशातून काढायचा,
झोपलेलं मांजराचं पिल्लू उचलावं तसा.
फ्लावियो कुटिन्योचा मक्याच्या कणसाचा, स्वस्तातला,
पण बोलायचा त्याच्याविषयी
वडिलार्जित जमिनीसारखं.
कुरियाकोस तीन चिमटींत तंबाखू भरायचा:
पहिली पोराच्या हाताने, दुसरी बायकोच्या,
तिसरी पोलिसाच्या.
हिलाल फक्त ऐकायचा आणि काड्या पुरवायचा.

मी टिपणीस. ड्राफ्ट्समन.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे जिने काढतोय.
पाइप मला एका साहेबाने दिला,
मायदेशी जाताना, विमानाला सामान जड झालं म्हणून.
त्याआधी तंबाखू म्हणजे वडिलांची चंची,
तळहातावर चुना, आणि आईचं न बोलणं.

पाइपला घाई चालत नाही.
जोरात ओढला तर जीभ पोळते,
विसरलात तर विझतो.
या दोन्हींच्या मधे जेवढी जागा उरते
तेवढ्यात आम्ही बोलून घ्यायचो:
व्हिसा, गुडघे, मुलींची लग्नं,
परत गेल्यावर करायचं काय.

मग भिंतीवर पाटी आली.
लाल वर्तुळ, आडवी रेघ, आत सिगारेट.
कुरियाकोस म्हणाला, चित्रात सिगारेट आहे,
पाइपचं नावसुद्धा नाही.
नासिर हसला. बराच वेळ हसला.
आणि ॲशट्रे उचलून आत घेऊन गेला.

कुर्मच्या किनाऱ्यावर वाऱ्याने
एका बैठकीत अठरा काड्या खाल्ल्या.
पजेरोत काचा लावून बसलो, एकदाच;
कुरियाकोसची बायको आठवडाभर टॅक्सीने ऑफिसला गेली.
फ्लावियोच्या गच्चीवर आधी वॉचमन आला,
मग खालच्या मजल्यावरच्या बाई,
मग बाईंच्या कडेवरचा पोरगा, छातीत शिट्टी वाजणारा.
बाई भांडायला आल्या होत्या,
पण पाइप त्याआधीच खिशात गेले होते.
शेवटी बौशरची वाळू.
अल-तय्यिब बूट झटकत म्हणाला,
माझा आजा जन्मभर वाळवंटातून बाहेर पडायला चालला,
आणि मी चिमूटभर धुरासाठी
परत आत चाललोय.

तिथून आम्ही नुसत्या चहाला नासिरकडे परतलो.
टेकनारायण, अकरा वर्षं आमची राख उचलणारा,
कप ठेवता ठेवता म्हणाला,
साहेब, आता मला चहातली वेलची कळते.
जणू स्वतःचाच गुन्हा कबूल करत होता.

कुणी काही बोललं नाही.
अकरा वर्षं तो खोकत होता
आणि आम्ही म्हणत होतो, एसीची हवा.

आता पाइप आणतो, पेटवत नाही.
वाडग्यातली काजळी खरवडतो, नळीतून लोकरीची तार फिरवतो,
नवीन डबा उघडून हातोहात फिरवतो.
फ्लावियो म्हणतो, हे म्हणजे
लग्नात नुसता मेन्यू वाचून उठणं.
असेल.
तल्लफ जात नाही, ती येऊन शेजारी बसते,
तिलाही चहा लागतो.

अल-तय्यिब मार्चमध्ये कैरोला गेला, मुलाकडे.
जाताना म्हणाला, माझी खुर्ची दुरुस्त करू नका.
(डुगडुगती त्याचीच. उशीर नेहमी त्याचाच.)

गेल्या गुरुवारी दुकान बंद व्हायच्या सुमारास
टेकनारायण ॲप्रन काढून त्या खुर्चीत टेकला.
डबा नाकाशी धरला. डोळे मिटले.
अंजिरासारखा, म्हणाला.
जाळायच्या आधी असा असतो होय?

सवयीने त्याने चहा पाच आणले होते.
पाचवा त्याच्यापुढे सरकवला.
खुर्ची डुगडुगली, थोडा सांडला.
हिलालने खिशातून काड्यापेटी काढली,
आणि तिची घडी करून
खुर्चीच्या पायाखाली सारली.