छाट

विडी घरकुलाच्या दवाखान्यात
खिडकी क्रमांक दोनमागे मी बसते.
समोर संगणक, उजव्या हाताला अंगठ्याचं यंत्र,
त्याच्या काचेवर तांबडा उजेड,
आणि ओल्या फडक्याची एक घडी,
ती मात्र घरून आणलेली.

पोचव्वा मेरगूने अंगठा ठेवला.
जुळत नाही.
पुसून ठेवला. जुळत नाही.
मग तर्जनी, मग मधलं, मग डावा हात सगळा,
बंद घराचं एकेक दार वाजवून
आत कुणी आहे का विचारावं तसं.
यंत्र टीं करून म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

चाळीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, वळी, सुताचा वेढा.
रेषा कधी गेल्या तिला कळलं नाही,
कुठल्या कट्ट्यात बांधल्या गेल्या,
कुणी ओढल्या.

"बोटं हायत की ओ, ठसेच गेलेत.
कारखान्यात चेकर माझ्या विड्यांतनं छाट काढायचा,
आता तुमच्या डब्यानं मलाच छाटीत टाकलं."

डोळ्यांचं यंत्र लावलं. मोतीबिंदू.
पडद्यावर नुसतं आभाळ.
उरला ओटीपी. तो जाणार भिवंडीला,
अंबादासच्या मोबाइलवर.
तेव्हा पोचव्वाने खिडकीतून हात घालून
माझं मनगट धरलं.
"त्याला नगं. टीबी म्हणून वाचलं की
रातच्या गाडीला बसतंय ते पोरगं.
आठ दिवसाचे खाडे.
मालक मागावर दुसरा ठेवतोय तवर."

कार्ड : प्रलंबित.
गोळ्यांना कार्ड लागत नाही, एवढं बरं.
संपर्काच्या रकान्यात दहा आकडे भरल्याशिवाय
संगणक पुढे सरकेना.
मी माझे भरले.

तेव्हापासून रोज सकाळी सातला
माझ्या उशीखाली तिची गोळी वाजते :
प्रिय रुग्ण, आपण आजचा डोस घेतला का?
प्रिय रुग्ण अजून अंथरुणात असते.
मग शेजारच्या येल्लूबाईच्या फोनवरून
एक मिस्ड कॉल, एकच ठोका,
म्हणजे गिळली.
मी तारखेवर बोट ठेवते, चौकोन हिरवा होतो.
रुग्ण-सहभागात आमचं केंद्र जिल्ह्यात तिसरं आलं.
साहेबांनी पेढे वाटले.
तिचा पेढा मीच खाल्ला, द्यायचं राहून गेलं.

बेचाळिसाव्या दिवशी फोन वाजला नाही.
सात. सव्वासात. आठला दहा कमी.
चौकोन लाल, त्याखाली प्रश्न :
रुग्णाशी संपर्क झाला का? होय / नाही.
दोन्हीपैकी काहीच न दाबता
मी गाडी काढली.

उंबऱ्यात बसली होती. मांडीवर सूप,
बाजूला पाण्याची वाटी, भिजली पानं.
"गिळली की, सातालाच!
येल्लूबाईचं रिचार्ज संपलंय.
मिस्कॉल मी मनात दिला."
हसताना खोकली.
खोकला पूर्वीपेक्षा लहान होता,
निदान मला तसा वाटला.

"दाव बघू, ह्यात मी कुठंय?"
दाखवलं.
तिने चौकोन मोजले कट्टा मोजावा तसे,
पंचविसाला क्षणभर थांबून.
"ह्यो लाल मीच करते."
दाबला. काचेला तिचं बोट कळलं नाही.
पुन्हा दाबला.
मी म्हणणार होते, द्या, मी करते,
तेवढ्यात तिने तर्जनी पानांच्या पाण्यात बुडवली,
रोजच्या सवयीने, न बघता,
आणि टेकवली.

हिरवा.
त्यावर तंबाखूच्या वासाचा एक थेंब,
थेंबाखाली रंगाचे बारीक कण
सुटे सुटे दिसत होते.
"ह्यो छाटीत जात न्हाय न्हवं?"
"नाही," म्हटलं,
आणि फोन तसाच आडवा धरून,
न पुसता, गाडीपर्यंत आले.