वरची बाजू

हुक कुठल्या अंगाला मारू, बाई?
दर खेपेला माझा हाच प्रश्न,
आणि दर खेपेला पद्मजाबाई चित्र उचलून
गुळाची ढेप जोखावी तसं दोन्ही हातांवर धरतात,
डोळे मिटतात.
"जड बाजू खाली. दुसरं काय?"
मला ते चारी बाजूंनी सारखंच भरतं.

गंगावेशीत माझं फ्रेमचं दुकान.
देव, लग्नाचे जोडे, गेलेली माणसं,
यांची वरची बाजू कधी विचारावी लागली नाही.

बाई अठ्ठावीस वर्षं म्युनिसिपालटीच्या शाळेत ड्रॉइंगला.
मडकं, मडक्यावर लिंबू, खाली घडीचा टॉवेल,
उजेड डावीकडूनच यायचा.
माझंही मडकं त्यांनी खोडलंय:
"आण्णाप्पा, पाणी सांडलं की रे सगळं."

रिटायर झाल्या आणि आधी पेन्सिल सोडली,
मग खोडरबर, मग बऱ्याचदा ब्रशही.
आता रंग ओततात आणि थांबतात,
दुधापाशी थांबावं तशा.
काय काढताय म्हटलं तर,
"आल्यावर बघू की."

एकदा पहाटे तालमीच्या दारात उभ्या.
आत पोरं हौद्यातली तांबडी माती उकरत होती.
बाईंनी ओंजळभर मागितली.
वस्ताद बुचकळ्यात, पण दिली.
पंधरा दिवसांनी चित्र आलं, सगळं निळं.
माती कुठाय?
"खाली हाय. तिच्याबिगर निळं उभंच राहीना."

पुराच्या साली दुकानात छातीएवढं पाणी.
ओसरल्यावर फुगलेलं प्लायवूड रस्त्यावर टाकत होतो,
त्यावर गाळाची रेघ,
माझ्या करवतीला उभ्या जन्मात न जमलेली, सरळ.
बाई रिक्षा घेऊन आल्या, ते घेऊन गेल्या.
वर्षभर त्यावर काही नाही.
"अजून ओलं आहे," एवढंच.

मग एका दुपारी आणून ठेवलं.
रेघ तशीच. तिच्या वर
बोटाच्या पेराएवढा पिवळा ठिपका.
लिंबू म्हणावं, की दिवा?
विचारलं नाही. हुकाचंही नाही.
दोन मारले, एक इकडे, एक तिकडे.
बाईंनी पाहिलं, हसल्या,
आणि न्यायला पुन्हा आल्याच नाहीत.

सोमवारी दुकान बंद असतं.
शटर अर्धं ओढून मी ते उलटं टांगतो.
ठिपका रेघेखाली जातो,
उजेड उजवीकडून येतो,
आणि मी उगाच
छातीपाशी सदरा चाचपून बघतो.