जांभळा थेंब

माझ्या पिशवीत एक बुधली असते, करंगळीएवढी.
मिठावर एक थेंब सोडायचा.
मीठ जांभळं झालं तर ठीक.
पांढरंच राहिलं
तर त्या घरी चहाचे दोन वाडगे जास्त बसायचं.

बारतंगच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला, सत्तावीस घरं.
सगळ्यांचा चहा खारट:
दूध, लोणी, मीठ, वरून कुस्करलेली शिळी रोटी.
मीठ गाढवाच्या पाठीवरून येतं, गुलाबी ढेकळांत.
"आमच्या डोंगराचं," म्हातारा नेककदम छाती काढून सांगतो,
"त्यात खोट नाही."
खोट नाहीच, बाबा.
आयोडीनही नाही.
ते बर्फाच्या पाण्यानं केव्हाच धुऊन नेलं,
आपल्यापैकी कुणीच न पाहिलेल्या समुद्राकडे.

लढाई पेटली त्या वर्षी खालून ट्रक यायचे थांबले.
पीठ संपलं ते सगळ्यांना कळलं.
मीठ बदललं ते कुणालाच कळलं नाही.

माझी थोरली बहीण झररागुल
लग्नानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात मंदावली.
आधी हाक मारली की उशिरा वळायची.
मग वळेनाशी झाली.
भर उन्हाळ्यात अंगावर लोकरीची शाल.
तुती वाळत घातलेल्या चादरीपुढे बसायची
आणि एकच तुती हातात धरून ठेवायची, ऊन कलेपर्यंत.
सासू म्हणाली, आळस.
शेजारीण म्हणाली, नजर.
खलिफानं कागदावर लिहून दिलं, ते गळ्यात बांधलं,
तिथेच, जिथे गळा जरासा सुजला होता.
आणि मी?
मी म्हणाले, ताई, थोडं हसत जा ना.
हे मी म्हणाले होते.

खोरोगच्या डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली.
गिळ, म्हणाल्या. पुन्हा गिळ.
रक्त घेतलं. गोळ्या दिल्या.
आणि मला विचारलं, तुमच्याकडे मीठ कुठलं?

नवव्या आठवड्यात झररागुल रागावली.
मांजरानं साय खाल्ली म्हणून
अशी ओरडली की छताच्या झरोक्यातून पारवे उडाले.
आम्ही सगळे दारात उभे राहून ऐकत होतो,
नवरा, सासू, मी,
कुणीतरी रुबाब वाजवत असल्यासारखे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
तिनं ते डोंगराचं मीठ इमानानं खाल्लं.
त्या मिठातच जाग नव्हती.

पण सगळं असं नसतं.
परवा शोदमोनच्या घरी पहिल्याच थेंबाला
मीठ गर्द जांभळं झालं, फुलासारखं.
शोदमोन भिंतीकडे तोंड करून पडलेला.
दोन्ही मुलगे मॉस्कोत, बांधकामावर;
धाकट्याचा फोन मार्चपासून लागत नाही.
माझ्या बुधलीत त्याच्यासाठी काही नव्हतं.
वहीत "ठीक" असा शेरा मारला, तो खोडला,
आणि चहाचे दोन वाडगे जास्त बसले.

घरोघर तेच सांगते:
चहा उतरवला की मग मीठ घाला.
चुलीपासून लांब ठेवा. आयोडीन उडून जातं.
बायका माना डोलावतात, आणि डबा चुलीशेजारीच ठेवतात.

झररागुल नाही ठेवत.
मी गेले की दर खेपेला चिमूटभर मीठ बशीत काढते,
टाक म्हणते, थेंब टाक.
दोघींनाही ठाऊक असतं काय होणार.
ती तरी वाकून बघते, श्वास धरून.
रंग चढला की काही बोलत नाही.
झाकण लावते,
आणि तळव्यानं एकदा दाबून बघते.