जावई डॉक्टर

म्हण होती तोवर ठीक होतं.
अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर:
शर्वाणीच्या लग्नात विहीणबाईंनी ती भर मांडवात टाकली,
मीही हसले, तोंडाला पदर लावून.

आता दुखणं आलंय.
मटारच्या दाण्याएवढं, लाल, टोकाला पिवळट,
मांडी संपते आणि पुढच्या जागेला
आमच्या घरात कधी नाव नव्हतं, तिथं.
जावयाची पाटी समोरच, फोंड्याच्या वरच्या बाजारात,
माझ्या गॅलरीतून वाचता येते: त्वचारोगतज्ज्ञ.
रात्री तिच्यात हिरवा दिवा लागतो.

चार रात्री जमिनीवर आरसा ठेवून बसले.
छप्पन्न वर्षांत एवढं कधी बघितलं नव्हतं स्वतःकडे.
हळद लावली. कापूर लावला, आणि नाचले.
नखानं दाबलं, तर दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरा.
मग मनात ते रोग, ज्यांची नावं
आपण बाधा होऊ नये म्हणून घेत नाही.

शेवटी कदंबा पकडून मडगावला.
बोरीच्या पुलावरून जाताना एका कुल्ल्यावर बसलेले,
बाजूची बाई म्हणाली, सरका की जरा.

डॉक्टर फिलोमेना बार्रेटो.
कितें जालें, माये?
म्हटलं, तिथं.
ती म्हणाली, तिथं म्हणजे कुठं? शंभर तिथं असतात.
मग मी बोट दाखवलं, भिंतीकडे बघत,
भिंतीवर कुठल्याशा औषधाचं कॅलेंडर, मे महिना.

तिनं दिवा ओढला. बघितलं.
शिंपी उसवलेली शिवण बघतो, तसं.
ब्लेड फिरवलंत?

फिरवलं होतं.
फेब्रुवारीपासून पोहायला जाते, बायकांची वेळ, चार ते पाच.
ते कुणाला सांगितलेलं नाही, तिला सांगितलं.
पोहायचा पोशाख दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता.
शर्वाणी माहेरी विसरून गेलेला गुलाबी रेझर,
पाणी नाही, साबण नाही, घाईत, उलटा.
आणि तिथल्या मोरीला कडी नाही, म्हणून
ओल्या नायलॉनवरच ड्रेस चढवून
स्कूटरवरून घरी, रोज, या उकाड्यात.

ती हसली नाही. म्हणाली,
केस कापला की टोकदार होतो,
बाहेर यायचं सोडून कधी आतच वळतो,
कातडीला वाटतं काटा घुसला, ती फुगते.
वर घाम, वर घासणं, वर तो वासाचा साबण.
तुमचं एवढंच आहे.
सगळ्यांचं एवढंच नसतं.
काहींना बारीक पांढरे ठिपके असतात, ते तेलाचे,
माणूस ते घेऊनच जन्मतो आणि उगाच घाबरतो.
काहींना चामखीळ, काहींना पाण्याचे फोड,
ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर येतात,
त्यांना औषध वेगळं. म्हणून विचारते,
कुणी आहे का आयुष्यात?

मी म्हटलं, बाय, मी विधवा.
ती लिहीत म्हणाली, मी सगळ्यांना विचारते,
वयाची सूट नाही.
मला का कोण जाणे बरं वाटलं.

गरम पाण्याचं फडकं, दिवसातून तीनदा.
दाबायचं नाही. रेझर बंद. सुती, सैल.
आणि एक मलम, चिठ्ठीवर, वळणदार अक्षरात.

घरी आले. फ्रिजवर पाव ठेवायला हात वर केला
तर तिथं शर्वाणीनं ठेवलेली डबी,
कंपन्या जावयाला फुकट देतात ते नमुने,
आणि त्यात तेच मलम. तेच नाव.
चार रात्री माझ्या डोक्यावर दोन वीत.

रविवारी ते जेवायला आले, बांगड्याची उडीदमेथी.
जावई म्हणाले, आई, लोक फार उशिरा येतात,
लाजतात. काय सांगावं त्यांना?
मी आणखी एक बांगडा वाढला.

पण सोमवारी मोरीत, बर्नाडेट
टॉवेल धरून एका पायावर उभी,
तोंड वाकडं, खाली बघत,
तिला मी विचारलं, मोठ्यानं:
कुठं?