शेकडा चाळीस

पहाटे चारला, गंगावेशीत, बंद दुकानाच्या पायरीवर
मी पेपर उघडतो. वाचत नाही.
आतल्या पानांच्या पोटात एक गुलाबी कागद सारतो, मिटतो.
बोटाला थुंकी लावत नाही, तेवढा नियम पाळलाय.
डबीच्या झाकणात ओला स्पंज असतो.

शेकड्याला चाळीस रुपये.
शोरूमवाल्यांची चकचकीत पानं वरूनच येतात, गठ्ठ्यानं,
इतकी निसरडी की निम्मी गटारीत पोहतात.
माझ्याकडं येते नदाफांची रुक्साना:
जुनी गादी पिंजून मिळेल, घरी येऊन.
पिकोफॉलवाली भारती येते,
जिच्या नंबरातला एक आकडा छापखान्यात चुकला
आणि सातशे कागदांवर आम्ही दोघांनी पेनानं
तिनाचा आठ केला, दोन चहांत.

शिरगुप्पे वहिनी आल्या त्या उभ्याच राहिल्या.
"दोनशेच घालशील काय रे?"
घरगुती डबा. भाकरी, आमटी, पालेभाजी.
खरडा, सांगितला तर.
"हजार घालू की, वहिनी."
"आन् हजारांचा सैपाक कोण, तू करतोस?
धा जण आलं तरी बास."

दहा जण.
म्हणजे दोनशे दारं नीट निवडायला हवीत.
दुधाळीतली पोरं, दवाखान्यात शिकणारी,
ज्यांच्या कचऱ्यात नुसते मॅगीचे पुडे: तिथं घालायचा.
कुंभार गल्लीत बाळंतीण आलीय माहेरी: तिथं नको,
तिथं आई आहे.
मेढ्यांची सून बँकेत, सासूचे गुडघे गेलेले.
तिथं घालायचाच, पण शेअरबाजाराच्या पानात,
सासू तिथवर जात नाही.
सापडला तर फाडेल,
वर माझं बिल अडवेल.

एकशे नव्व्याण्णव झाले.
सरनोबत काकांच्या फाटकाशी सायकल टेकवली.
काकू जाऊन चौथा दिवस.
पायरीवर पाहुण्यांच्या चपला, आणि चार पेपर,
रबरसुद्धा न काढलेले.
डबा कुणाला लागणार, हे शेंबडं पोरही सांगेल.
मी कागद काढला, खिशात घातला.

"एक राहिला वहिनी," म्हटलं, "चाळीस पैसे देणं लागतो."
"सुटं कुठनं आणणार?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

पंधराव्या दिवशी पायरीवर चपलांचा एकच जोड होता.
पेपर उचललेले.
काका फाटकातच उभे, बंडीवर,
"कोड्याचं पान येतंय न्हवं अजून?" म्हणाले.
कोडं काकू सोडवायच्या.
काकांना कधी पेन हातात घेतलेलं मी बघितलं नव्हतं.

"येतंय की."

तोवर खिशातला कागद धुवून निघाला होता, पँटीबरोबर.
गुलाबी रंग अस्तराला, नंबर अर्धा.
वळणावर थांबून उरलेले आकडे मी हातानं गिरवले,
दुसऱ्या दिवशी कोड्याच्या पानात ठेवला,
उभे शब्द झाकणार नाहीत असा, कडेला.

त्यानंतर मी काही विचारलं नाही, वहिनींनाही नाही.
आमच्या धंद्यात कागद आत गेला की काम संपलं.

काल दुपारी वसुलीला फिरत होतो.
वहिनींचा धाकटा त्या फाटकातून बाहेर पडला,
हँडलला डबा.
डबा घासलेला होता,
पुड्या चुकीच्या क्रमानं रचलेल्या,
वरचं झाकण उलटं बसवलेलं,
आणि पोरगं ते एका हातानं दाबून धरत
सायकल चालवत होतं.