अजून

गोळीबार चौक, दुसरा मजला.
कुलरमधलं पाणी संपलंय, तो नुसताच घरघरतोय
आणि मी विणकर सोसायटीची साइट तपासतेय.
पातळांच्या पानावर अठ्ठावीस नोंदी,
धोतरांच्या पानावर सहा.
करवतकाठीचं पान उघडलं
तर वर ठळक मथळा: सापडले नाही.

नंदनवारकाका मागे येऊन उभे,
चष्मा कपाळावर, बोट पडद्यावर.
"काहून असं लिवलं, पोरी?
सापडत नाही, का नव्हतीच?"

मी सांगितलं,
मथळा लावण्याआधी यंत्र पहिल्या नोंदीला विचारतं,
तू कोणत्या घरची?
नोंदच नसली तर विचारणार कोणाला?

"मंग घरालेच विचार नं बाप्पा.
आमच्या गल्लीतले माग भंगारात गेले,
पाटी काढाले कोणी शिडी नाही लावली."

तीन ओळी बदलायला
दुपारचे साडेतीन वाजले.
मधे वीज गेली, आली.
आता मथळा थेट घराला विचारतो.
वर आलं: करवतकाठी.
त्याखाली मी लिहिलं: नोंद नाही.

काका कितीतरी वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले, आधी 'अजून' लाव.
लावला.
त्यांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचलं,
खिसा चाचपत विचारलं,
"याचा कागद निघन का?
हापिसात लावाचा हाय."