बिनविरोध

शेफिल्डच्या बर्नग्रीव्ह भागात, चढावरच्या चर्चच्या हॉलमध्ये
दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मी नागरिकशास्त्र शिकवते.
म्हणजे तोच विषय, ज्याला आमच्या शाळेत
वीस मार्क होते आणि एकही तास नव्हता.

समोर सातजण.
इब्तिसाम बसऱ्याची, तिकडे दातांची डॉक्टर,
इथे दुसऱ्याच्या दवाखान्यात फरशी पुसते.
अब्दुलकवी येमेनमधल्या इब्बचा, रात्रपाळीचा पहारेकरी,
डबा उघडण्याआधीही परवानगी विचारणारा.
मागे दैर-अझ-झोरची दोन भावंडं,
बाकीचे दाराजवळ, अंगातले कोट न काढता.

पहिल्याच दिवशी म्हटलं, मतदान करू या.
खिडकी उघडी ठेवायची की बंद?
कुणाचा हात वर जाईना.
सगळे बघत होते
माझा हात कुठे जातो ते.
मी कपाळावरची बट मागे सारायला हात उचलला
आणि सात हात वर गेले.
उघडली खिडकी.
तासभर कुडकुडलो,
एकमताने.

इब्तिसाम म्हणाली, माझे वडील एकदा गेले होते मत द्यायला.
टेबलामागच्या माणसाने त्यांच्या कागदावर
आधीच खूण करून ठेवली होती.
तुम्हाला तसदी नको, म्हणाला.

मी हसले, आणि हसू मध्येच अडकलं.
कृष्णाकाठच्या आमच्या गावात माझे चुलते
तीनदा सरपंच झाले, तिन्ही वेळा बिनविरोध.
गुलाल, पेढे, पेपरात फोटो, खाली 'आदर्श गाव'.
चौथ्या वेळी खालच्या आळीच्या शेवंताबाईंनी अर्ज भरला.
रात्री चारजण त्यांच्याकडे चहाला गेले.
नुसते चहाला.
सकाळी अर्ज मागे.
मी बारा वर्षांची होते. पेढा खाल्ला मी.

हे सगळं नाही सांगितलं वर्गात.
फक्त विचारलं, बिनविरोधला अरबीत काय म्हणतात?
तज़किया, इब्तिसाम म्हणाली.
मग जरा थांबून,
त्याच शब्दाचा दुसरा अर्थ शुद्धी.

मेमधल्या पहिल्या गुरुवारी वर्ग नव्हता,
हॉलमध्येच मतदान केंद्र होतं.
तरी अब्दुलकवी आला, इस्त्रीचा शर्ट घालून,
फाटकापाशी एका म्हाताऱ्या कुत्र्याशेजारी उभा.
तुला मत आहे? तू तर तीन वर्षांपूर्वी आलीस.
मी एकोणीस.
काय सांगणार? आमच्यावर राज्य केलेल्यांच्या
जुन्या वहीत माझ्या देशाचं नाव आहे
आणि तुझ्या नाही?
सांगितलं तेच. तो म्हणाला, बरं.
ते 'बरं' मला अजून पचलेलं नाही.

मग त्याने दारातून आत बघितलं.
दोरीला बांधलेली पेन्सिल! खोडता येते की.
नाही खोडत कुणी.
कुणी सांगितलं?
मला ठाऊक नव्हतं. मग विचार, म्हटलं.

तो उंबऱ्यापर्यंत गेला. गळ्यातली टोपी हातात.
टेबलामागची बाई विणकाम करत होती.
ती टाके मोजता मोजता म्हणाली,
स्वतःचं पेन आणलं तरी चालतं, राजा.
बाहेर येऊन तो बराच वेळ कुत्र्याला थोपटत राहिला.
सरकारी माणसाला प्रश्न विचारला, म्हणाला,
आणि माझं नावसुद्धा विचारलं नाही तिने.

पुढच्या गुरुवारी पुन्हा खिडकी.
बंदच्या बाजूने सहा हात.
उघडीच्या बाजूने एक, खांद्याच्या जरासाच वर,
अब्दुलकवीचा.
खोलीत सगळे गप्प. रेडिएटर टिकटिकत होता.

इब्तिसामने हळू विचारलं,
जो हरतो, त्याचं पुढे काय होतं?

काही नाही, मी म्हटलं.
तो पुढच्या गुरुवारी येतो.

शेवंताबाईंचं पुढे काय झालं
मी कधी विचारलंच नाही.

दैरच्या धाकट्याने खिडकी लावली.
अब्दुलकवीने त्याच्याकडे पाहिलं,
मग स्वतःचा कोट काढला,
खुर्चीच्या पाठीला अडकवला,
आणि कुणालाही न विचारता डबा उघडला.